पोलंड, चेक, हंगेरीला माल पाठवण्याआधी त्या देशाचं पान कसं लिहावं

गेल्या महिन्यात आमच्या शिरोली एमआयडीसीतला एक तरुण फौंड्रीवाला माझ्याकडं आला. हातात मोबाईल, त्यावर पोलंडहून आलेली चौकशी. पंपाची बॉडी, ग्रे आयर्न, मशीनिंग करून २८ किलो, वर्षाला चार हजार नग. "काका, किलोला काय दर लावू?"

मी म्हटलं, "दराचं नंतर बघू. ही कंपनी कुणाची आहे आणि तो तिचा मालक झाला कसा, ते आधी सांग."

त्यानं वेबसाईट उघडून दाखवली. मोठ्या कारखान्याचा फोटो, खाली लिहिलेलं 'स्थापना १९५१'. मी म्हटलं, अरे, १९५१ साली पोलंडमध्ये एवढ्या मोठ्या कारखान्याचा मालक एकच होता, सरकार. तेव्हापासून आजपर्यंत तो कुणाकुणाच्या हातातून गेला, तेच तुला हुडकायचं आहे. दर त्यावर ठरतो, उधारी त्यावर ठरते, आणि पैसे बुडणार की येणार हेही बरंचसं त्यावरच ठरतं.

त्या दिवशी त्याच्याशी जे बोललो ते इथं सविस्तर लिहितो. कोल्हापुरातून त्या बाजूला माल पाठवणारी पोरं आता वाढली आहेत, आणि बहुतेक जण 'युरोप' अशी एकच फाईल करून सगळे देश तिच्यात कोंबतात. त्यात नुकसान होतं. माझं झालं आहे.

आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं वर्कशॉप होतं. मी पुढं शिरोलीत फौंड्री टाकली आणि २००४ साली पहिला कंटेनर पोलंडला पाठवला. तेव्हापासून एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही ठेवली आहे. एका देशाला एक पान. पान भरल्याशिवाय त्या देशात कोटेशन जात नाही.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

आपल्याला वाटतं, १९९१ साली आपल्याकडं जे झालं तेच तिकडं थोडं आधी झालं. तसं नाही. २४ जुलै १९९१ ला आपल्याकडं बहुतेक उद्योगांची परवाना पद्धत संपली, पण त्याच्या आधीही उद्यमनगरात आण्णा स्वतःच्या लेथचे मालक होते. मुंबईत शेअर बाजार होता, कराराचा कायदा होता, सावकार होता, बँक होती, दिवाळं काढायची पद्धतसुद्धा होती. आपल्याकडं दार अडवलेलं होतं, ते उघडलं. तिकडं घरालाच मालक नव्हता. कारखाना सरकारचा, दुकान सरकारचं, किंमत मंत्रालयानं ठरवलेली, आणि धंद्याला कर्ज देणारी वेगळी व्यापारी बँक जवळजवळ कुठंच नव्हती. परदेशी व्यापारही सोव्हिएत संघाच्या पुढाकारानं १९४९ मध्ये झालेल्या 'कोमेकॉन' या गटातून, ठरवून दिलेल्या वाटपानं चालायचा. १९९१ मध्ये तो गट मोडला आणि हजारो कारखान्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं.

त्यामुळं या देशांना दोन कामं एकदम करावी लागली. किंमती मोकळ्या सोडायच्या, आणि मालक निर्माण करायचा. पहिलं काम एका रात्रीत होतं. दुसऱ्याला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि ते प्रत्येक देशानं वेगळ्या रीतीनं केलं. म्हणून पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरात मी एकच प्रश्न लिहितो: इथं मालक कसा तयार झाला?

पानाच्या वरच्या भागात तारखा

यात फार वेळ घालवू नका, पण चुकू नका. किंमती कधी मोकळ्या झाल्या, युरोपीय संघात कधी गेले, युरो आहे का आणि कधीपासून, एवढं पुरतं.

१ मे २००४ ला पोलंड, चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया संघात गेले. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २००७ ला. क्रोएशिया १ जुलै २०१३ ला. सर्बिया अजून दारात उभा आहे. युक्रेनला उमेदवार देशाचा दर्जा जून २०२२ मध्ये, लढाई चालू असताना मिळाला.

युरोचं गणित निराळं. स्लोव्हेनियानं २००७ ला घेतला, स्लोव्हाकियानं २००९, एस्टोनियानं २०११, लॅटव्हियानं २०१४, लिथुआनियानं २०१५, क्रोएशियानं २०२३ आणि बल्गेरियानं २०२६ च्या १ जानेवारीला. पोलंडचा झ्लॉटी, चेकचा कोरुना, हंगेरीचा फोरिंट आणि रोमानियाचा लेउ अजून चालू आहेत.

संघात जाणं म्हणजे फक्त सही करणं नव्हतं. जून १९९३ मध्ये कोपनहेगनला अटी ठरल्या: लोकशाही आणि कायद्याचं राज्य, चालती बाजारव्यवस्था, स्पर्धा सोसायची ताकद, आणि संघाचे सगळे नियम स्वतःच्या कायद्यात उतरवायची तयारी. ते नियम ३१ प्रकरणांत वाटून एकेका प्रकरणावर वाटाघाटी झाल्या. माल तपासणीपासून सांडपाण्यापर्यंत सगळं त्यात आलं. २००४ ला गेलेल्या देशातला खरेदीवाला तुमच्याकडं जी कागदं मागतो, ती त्याच्या देशाला त्या वेळी एकेक करून शिकावी लागली होती. म्हणून तो कागदाच्या बाबतीत जर्मनापेक्षाही काटेकोर असतो, असा माझा अनुभव आहे.

मालक कसा तयार झाला

इथं मात्र थांबायचं. चहा सांगायचा आणि निवांत वाचायचं.

पोलंडपासून सुरू करा. १ जानेवारी १९९० ला अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा कार्यक्रम लागू झाला. बहुतेक किंमती मोकळ्या, अनुदानं कापली, झ्लॉटीचा दर डॉलरला ९,५०० असा बांधला. त्या वर्षी महागाई ५०० टक्क्यांच्या वर गेली आणि वर्ष संपेपर्यंत अकरा लाखांवर माणसं बेकार झाली. त्याआधी कागदावर तिथं बेकारी नव्हतीच. पण पोलंडची खरी गंमत एक वर्ष आधीची आहे. डिसेंबर १९८८ मध्ये, कम्युनिस्ट सरकार असतानाच, उद्योगमंत्री मेचिस्वाव विल्चेक यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. जे कायद्यानं मना नाही ते कुणीही करू शकतो, असा त्याचा गाभा. त्यावर लाखो लोकांनी धंदे उघडले. वॉर्सोच्या रस्त्यावर माणसं घडीची खाट उघडून तिच्यावर माल मांडून विकत होती.

मोठे सरकारी कारखाने मात्र पोलंडनं सावकाश विकले. बरेच मध्यम कारखाने तिथल्याच कामगार-व्यवस्थापकांच्या कंपनीला हप्त्यानं चालवायला दिले, आणि हप्ते फिटल्यावर मालकी त्यांची झाली. त्यामुळं पोलंडमध्ये तुमची पार्टी तीनपैकी एक असते: १९८९ नंतर शून्यातून उभी राहिलेली घरची कंपनी, कामगार-व्यवस्थापकांनी घेतलेला जुना कारखाना, नाहीतर पुढं परदेशी गटानं विकत घेतलेली फॅक्टरी. तिघांशी बोलायची भाषा तीन तऱ्हेची.

माझी सगळ्यात जुनी पोलिश पार्टी पहिल्या तऱ्हेची. बंद पडणाऱ्या सरकारी कारखान्याच्या लिलावात त्या गृहस्थांनी दोन लेथ घेतले आणि गॅरेजात मांडले. पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते लेथ अजून कोपऱ्यात होते, तेल-पाणी करून चकचकीत ठेवलेले. मला आण्णांचं उद्यमनगर आठवलं. अशा माणसाला रात्री नऊला फोन केला तरी तो उचलतो. दर स्वतः ठरवतो. एखादा लॉट ब्लो होलनं, म्हणजे ओतताना हवेनं पडलेल्या भोकांनी, गेला तर शिव्या देतो, पण पुढच्या लॉटची ऑर्डर काढून घेत नाही.

आता हंगेरी. तिथं १९६८ पासूनच थोड्या मोकळिकीचे प्रयोग चालू होते, आणि अंगावर परदेशी कर्ज मोठं होतं. त्यांनी कारखान्याच्या शेअरसाठी सगळ्या जनतेला कूपन-बिपन वाटली नाहीत; रोख पैसे देणाऱ्या परदेशी कंपन्यांना कारखाने थेट विकले. दिव्यांची प्रसिद्ध तुंगस्राम अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडं गेली ती याच लाटेत. पुढं एस्तरगोमला सुझुकी आली, ज्योरला आउडी आली. म्हणजे हंगेरीत तुमच्याशी बोलणारा खरेदीवाला हुशार असेल, पण 'हो' म्हणायचा अधिकार बहुतेक वेळा जर्मनी, ऑस्ट्रिया नाहीतर जपानात बसलेल्या माणसाकडं असतो. तिथं पहिलं काम म्हणजे मुख्य कार्यालयाच्या मान्य पुरवठादारांच्या यादीत नाव घालून घेणं. ते न करता सहा-सहा महिने नमुने पाठवत बसणारे आपले लोक मी पाहिले आहेत.

चेकनं तिसरी वाट धरली, आणि ती मला फार महागात पडली, म्हणून ती नीट सांगतो.

व्हाक्लाव्ह क्लाउस आधी चेकोस्लोव्हाकियाचे अर्थमंत्री होते, मग चेकचे पंतप्रधान झाले. त्यांचं म्हणणं असं की कारखाने विकत घ्यायला लोकांकडं पैसाच नाही, तर मालकी वाटूनच टाकू. प्रत्येक प्रौढ नागरिकाला १,०३५ कोरुनांत, म्हणजे साधारण आठवडाभराच्या पगारात, कूपनांचं पुस्तक. ती कूपनं देऊन आवडत्या कारखान्याचे शेअर मागायचे. १९९२ च्या पहिल्या फेरीत सुमारे ८५ लाख लोकांनी भाग घेतला. कागदावर सगळा देश मालक झाला. प्रत्यक्षात बहुतेकांनी कूपनं गुंतवणूक फंडांकडं दिली, कारण एक फंड दहापट परतावा देऊ म्हणाला आणि बाकीचे त्याच्या मागं लागले. मोठे फंड बँकांच्या हातात, आणि मोठ्या बँका अजून बऱ्याच अंशी सरकारच्या. म्हणजे कारखान्यावर खरी नजर ठेवणारा मालक कुणीच नाही. मग आतल्या माणसांनी काय केलं? चांगली यंत्रं, जमीन, गिऱ्हाइकं हळूहळू दुसऱ्या कंपनीच्या नावावर वळवली आणि मूळ कंपनीत कर्ज तेवढं ठेवलं. याला चेक भाषेत शब्दच पडला 'तुनेलोव्हानी', म्हणजे बोगदा काढणं. वरून इमारत तशीच उभी, आतून पोकळ.

२००६ साली उत्तर बोहेमियातल्या एका कंपनीला मी व्हॉल्व्ह बॉडीचे दोन कंटेनर साठ दिवसांच्या उधारीवर पाठवले. कारखाना डोळ्यांनी पाहून आलो होतो. चारशे माणसं कामाला, भट्ट्या पेटलेल्या, कँटीनमध्ये जेवलोसुद्धा. पहिले पैसे वेळेवर आले, दुसऱ्या कंटेनरचे आले नाहीत. तीन महिन्यांनी वकिलाकडून कळलं, मी ज्या कंपनीला बिल लावलं तिच्याकडं ना जमीन होती ना यंत्रं. सगळं भाड्याचं. मालमत्ता वेगळ्या कंपनीची, आणि ती वाटणी कूपनांच्या काळात झालेली. दिवाळखोरीत माझ्या हाती काही आलं नाही. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस द्यायला मी माझ्या बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून चेकच्या पानावर लाल शाईनं लिहिलं आहे: जमीन कुणाच्या नावावर, यंत्रं कुणाच्या नावावर, बिल कुणाच्या नावावर. चेक लोक वाईट, असा याचा अर्थ नाही. त्याच देशात म्लादा बोलेस्लाव्हचा स्कोडा कारखाना सरकारनं कूपनांत न घालता १९९१ मध्ये फोक्सवागनशी भागीदारी करून दिला, आणि त्याचं काय झालं ते आपण रस्त्यावर रोज बघतो. माणसं तीच, मालकी देण्याची रीत वेगळी.

रशियात वाटलेली कूपनं आणि १९९५ मध्ये कर्जाच्या बदल्यात बँकवाल्यांच्या हाती गेलेल्या तेल-निकेलच्या कंपन्या हा मोठा विषय आहे. मी तिथं धंदा केलेला नाही, त्यामुळं त्यावर सल्ला देत नाही.

हे हुडकायचं कुठं

घरबसल्या, फुकट. पोलंडची कंपनी नोंदणी 'केआरएस' या नावानं ऑनलाइन आहे. चेकची न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, आणि तिथं कंपनीनं दाखल केलेले ताळेबंदसुद्धा उघडून वाचता येतात. २००८ पासून चेकमध्ये दिवाळखोरीची नोंदवहीही सगळ्यांना खुली आहे. ती माझ्या वेळी असती तर! युरोपीय संघात कंपनीचा व्हॅट क्रमांक खरा आहे का हे बघायला 'व्हिएस' नावाची सोय आहे. क्रमांक टाकला की मिनिटभरात उत्तर येतं. कागद तिकडच्या भाषेत असतात, पण आता मोबाईलवर भाषांतर होतं. संचालक कधी बदलले, भांडवल किती, मोठा भागधारक कोण आणि कुठल्या देशातला, एवढं वाचायला अर्धा दिवस पुरतो.

ताळेबंदात मी एक ओळ आधी बघतो: स्थावर मालमत्ता. कारखाना मोठा आणि ती ओळ जवळजवळ कोरी असेल, तर अॅडव्हान्स किंवा एलसी, म्हणजे बँकेची पैसे द्यायची हमी, घेतल्याशिवाय कंटेनर हलवायचा नाही.

दुसरी खूण ड्रॉइंगवर मिळते, आणि ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात मटेरियलचा ग्रेड असतो. आपल्याकडं आपण आयएस २१० प्रमाणं एफजी २६० म्हणतो. युरोपात आता त्याच्या जवळचा ग्रेड ईएन-जीजेएल-२५०. पण जुन्या कारखान्याच्या ड्रॉइंगवर कधी रशियन गोस्ट मानकाचं 'एसचे २५' दिसतं, कधी चेकचं '४२ २४२५', कधी पोलिश 'झेडएल २५०'. माझ्याकडं एक ड्रॉइंग आहे, त्यावर रशियन अक्षरं खोडून वर ईएन लिहिलंय, बाजूला छोटी सही. १९८० च्या सुमाराला सोव्हिएत गिऱ्हाइकासाठी काढलेला पंप, नंतर जर्मन गिऱ्हाइकासाठी तोच. मानक बदललं, पॅटर्न जुनाच. अशा वेळी सरळ विचारा: जाडीचे टॉलरन्स जुन्या मानकानं धरायचे की नव्या? आम्ही एकदा विचारलं नाही आणि सहाशे नगांचं फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या नगाची घासून साफसफाई, परत करावं लागलं. सोबत ईएन १०२०४ प्रमाणं ३.१ चं मटेरियल सर्टिफिकेट द्यायची तयारी ठेवा. त्याशिवाय माल गेटच्या आत घेत नाहीत.

पैसे कुठल्या चलनात

युरोत बिल करा, एवढं सगळे सांगतात. पण युरोत बिल केलं म्हणजे चलनाची काळजी संपली असं नाही. ती फक्त समोरच्याच्या डोक्यावर जाते, आणि समोरचा वाकला की तुमच्यावर येते.

जुलै २००८ मध्ये एका युरोला सुमारे ३.२० झ्लॉटी पडत होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ४.९० च्या आसपास. सात महिन्यांत माझंच कास्टिंग माझ्या पोलिश पार्टीला दीडपट महाग झालं, आणि मी एक पैसा वाढवला नव्हता. त्याच वेळी माझी एक स्लोव्हाक पार्टी होती. स्लोव्हाकियाचा दर युरोला ३०.१२६ कोरुना असा बांधला गेला होता आणि १ जानेवारी २००९ पासून युरो आला. त्या पार्टीला चलनाचा धक्का नावालाही बसला नाही. मला वाटलं, बघा, युरो घेतलेलाच देश बरा.

पण वर्ष संपताना चित्र उलटं निघालं. झ्लॉटी पडल्यामुळं पोलंडचा माल जर्मनीत स्वस्त झाला, ऑर्डरी टिकल्या, आणि २००९ साली युरोपीय संघात फक्त पोलंडची अर्थव्यवस्था वाढली. स्लोव्हाकियाची सुमारे पाच टक्क्यांनी आकसली, आणि माझ्या स्लोव्हाक पार्टीनं ऑर्डर निम्म्यावर आणली. पोलिश पार्टीनं मला फक्त एवढंच म्हटलं, "साठ दिवसांचे नव्वद करा, पण माल थांबवू नका." मी थांबवला नाही. त्यानंही एकही बिल बुडवलं नाही.

म्हणून पानावर दोन्ही लिहा. स्वतःचं चलन असलेल्या देशात पार्टी मधूनच मुदत मागणार, त्याची सोय आधीच दरात ठेवा. युरोवाल्या देशात पेमेंट शांतपणे येईल, पण मंदी आली की ऑर्डरच कमी होईल. तिथं एकाच पार्टीसाठी नवी मोल्डिंग लाइन टाकू नका. आणि दोन्हीकडं ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा काढा. २००६ ला मी तो हप्ता वाचवला होता.

वाहतुकीचं थोडक्यात. न्हावा शेवाहून पोलंडला ग्दान्स्क बंदर. चेक, स्लोव्हाकिया, हंगेरीला हॅम्बुर्ग किंवा स्लोव्हेनियाचं कोपर. संघात एकदा कस्टम भरलं की माल कुठल्याही सदस्य देशात मोकळा जातो, त्यामुळं बंदर जवळचं की लांबचं ते गिऱ्हाइकाला ठरवू द्या. 'डीडीपी', म्हणजे तिकडचं कस्टमही तुम्हीच भरून दारात माल, हे नव्या माणसानं कबूल करू नये. एफओबी (आपल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंत खर्च आपला) किंवा सीआयएफवर (तिकडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमाही आपला) राहा.

आणखी एक, कार्बनचा कर. १ जानेवारी २०२६ पासून संघाची 'सीबॅम' व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आहे. तिच्या यादीतला, म्हणजे लोखंड-पोलादासारखा, माल वर्षाला ५० टनांच्या वर आणणाऱ्या आयातदाराला त्याच्या उत्पादनात किती कार्बन निघाला याचा हिशोब द्यावा लागतो, आणि तो आकडा तो तुमच्याकडंच मागणार. लोखंडाचे पाइप फिटिंग, म्हणजे कस्टमच्या ७३०७ या कोडखालचा माल, यादीत आहे. पंपाचे भाग ८४१३ खाली जातात, ते यादीत नाहीत. पण यादी वाढत जाईल असं धरून भट्टीचं वेगळं वीज मीटर, स्क्रॅप आणि पिग आयर्नच्या नोंदी आजपासून ठेवायला लागा.

माणूस समोर आला की

'तुमचे रशियाशी जुने संबंध, आमचेही' असं पोलिश माणसाला म्हणू नका. आपल्याला सोव्हिएत मैत्री म्हणजे भिलाईचा कारखाना आठवतो. त्यांना १७ सप्टेंबर १९३९ आठवतो, सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या तो दिवस. आणि ही गोष्ट कोल्हापूरकरानं तरी विसरू नये, कारण तिथून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेलेल्या आणि पुढं इराणमार्गे सुटून आलेल्या माणसांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्यात राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यानंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. आज आपण तिथं कापड घ्यायला जातो.

पोलिश पाहुणे आले की मी त्यांना कारखान्याआधी महावीर उद्यानात नेतो, तिथं त्या लोकांचं स्मारक आहे. लेथवाले गृहस्थ पहिल्यांदा आले तेव्हा त्या दगडासमोर बराच वेळ टोपी काढून उभे होते. मग रंकाळ्यावर बसलो. तिथं मी त्यांना विचारलं, "१९९० साली तुम्ही काय करत होता?" त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं: वडिलांची नोकरी गेली, आई खाटेवर साबण आणि मोजे विकायची, लिलावात लेथ घेताना हात कापत होते. कंपनीच्या नोंदणीत हे कुठं सापडणार? पण या माणसाला किती उधारी द्यावी, हे मला त्या संध्याकाळी कळलं. तेव्हापासून त्या पिढीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारतो. तरुण खरेदीवाल्याला विचारू नका, तो तेव्हा जन्मलेलाही नसतो; त्याला संघात गेल्यावर किती मित्र आयर्लंड-इंग्लंडला गेले ते विचारा. तिकडच्या फौंड्रीत मोल्डर का मिळत नाहीत आणि आपल्याकडं चौकशी का येते, ते त्या उत्तरात असतं.

तो तरुण परवा परत आला. पान भरून आणलं होतं, स्वतःच्या हस्ताक्षरात. १९५१ चा कारखाना. नव्वदच्या दशकात कामगार-व्यवस्थापकांच्या कंपनीनं हप्त्यानं घेतला. पुढं एका जर्मन गटानं बहुतेक शेअर घेतले. जमीन आणि यंत्रं कंपनीच्याच नावावर. खाली त्यानं लिहिलं होतं, 'नमुना पोलंडला, पुरवठादार मान्यतेचा अर्ज जर्मनीला, बिल युरोत, मुदत साठ, दरात नव्वदची सोय.' कोड ८४१३, तरी वर्षाचा माल ११२ टन, म्हणून मीटरची नोंद सुरू.

मी पिग आयर्नचा आजचा भाव काढला, कॅल्क्युलेटर मधे ठेवला, आणि आम्ही दराला बसलो.